शेवटचा हात

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आमच्याकडे लेख मागितला तेव्हा विषयही सुचविला होता : राजर्षी शाहू छत्रपती आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा ऋणानुबंध. इतिहासाच्या शिक्षकाकडून हीच अपेक्षा असावयाची. या विषयावर आम्ही आजवर इतके बोललो आणि लिहिले आहे की एका बैठकीत लेख हातावेगळा झाला असता. परंतु संस्थेच्या वाटचालीचा गौरव करणारे लेख या अंकात पुष्कळ असतील. संस्थेच्या हातून झालेल्या एका चुकीची नोंदही त्यात असावी, असे आम्हांस वाटले. ती चूक आमच्याच सहीने झाली होती, म्हणून ती सांगण्याचा अधिकारही आमचाच.

काही वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेचा जुना संगणक कक्ष रिकामा करण्यात आला. बंद पडलेले अकरा संगणक, त्यांचे ते पाठीमागे पोट सुटलेले जुने मॉनिटर, इन्व्हर्टरच्या चार बॅटऱ्या, वायरींची दोन पोती आणि ट्यूबलाइटचा ढीग असा सगळा ऐवज होता. विल्हेवाटीसाठी तिघांची समिती नेमली गेली, तिचे प्रमुख आम्ही. बॅटरीच्या दुकानदाराने जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची तयारी दाखविली होती, पण भंगारवाल्याचा भाव बॅटरीमागे काही शे रुपयांनी जास्त होता. आम्ही तीन दरपत्रके घेतली, सर्वांत वरचा भाव स्वीकारला, पावती फाईलला लावली आणि आलेल्या पैशांत ग्रंथालयासाठी एक कपाट घेतले. हिशेब चोख होता. लेखापरीक्षकाने त्यावर बोट ठेवले नाही. ते कपाट आजही ग्रंथालयात आहे.

पुढे दिवाळीच्या सुट्टीत आम्ही नेहमीप्रमाणे गृहभेटींना निघालो. वसतिगृहातल्या मुलांची घरे पाहिल्याशिवाय त्यांचे शिक्षक होता येत नाही, हा आमचा जुना आग्रह. इयत्ता आठवीतल्या एका मुलाचे घर शहराच्या कडेला एका वस्तीत होते. घर म्हणजे पत्र्याची एक खोली आणि पुढे अंगण. त्या अंगणात एका मॉनिटरच्या पाठीवर आमच्या शिपायाच्या वळणदार अक्षरात पांढऱ्या रंगाने लिहिलेले होते : संगणक कक्ष, क्रमांक ७. मुलाचा बाप कुऱ्हाडीने एक बॅटरी फोडीत होता. आतले आम्ल घराजवळच्या गटारीत ओतलेले होते. पलीकडे तीन दगडांच्या चुलीवर लोखंडी कढई होती, तीत शिशाच्या पट्ट्या वितळत होत्या आणि मुलाची आई पदर नाकाला लावून त्या ढवळीत होती. मुलाची धाकटी बहीण, असेल चार वर्षांची, कीबोर्डची उपटलेली बटणे मांडून घरघर खेळत होती. कढईचा धूर तिच्याच अंगावरून जात होता.

आम्ही त्या गृहस्थांना म्हणालो, "अहो, हे विषारी आहे. लेकरांच्या अंगावर धूर जातो आहे." त्यांनी कुऱ्हाड खाली ठेवली आणि शांतपणे उत्तर दिले, "सर, माल तुमच्याच शाळेचा हाय. मी न्हाई फोडला तर दुसरं कोणतरी फोडणार की. पोरगं तुमच्याकडं शिकतंय, त्येचा वरखर्च ह्यातनंच निघतोय." शाळेच्या गेटवरून माल उचलणाऱ्याने तो दुसऱ्याला विकला होता, त्याने तिसऱ्याला, आणि तिसऱ्याने किलोमागे मजुरी ठरवून तो या अंगणात आणून टाकला होता. आमच्या कपाटाचे पैसे ज्या हाताने प्रत्यक्ष मिळवून दिले, तो हात हा. आम्ही चहा घेऊन परतलो. त्या चहाची चव आमच्या लक्षात राहिलेली नाही; कढईचा वास मात्र राहिला आहे.

शिसे या धातूविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. ते शरीरात गेले की रक्तातून हाडांत साठते आणि मुलांच्या वाढत्या मेंदूला इजा करते. पोटात गेलेल्या शिशाचा जेवढा अंश मोठ्या माणसाचे शरीर शोषून घेते, त्याच्या चार ते पाच पट अंश लहान मुलाचे शरीर शोषून घेते. शिशाची अमुक एक मात्रा निर्धोक आहे, असे जागतिक आरोग्य संघटना मानीत नाही. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात चिंताजनक प्रमाणात शिसे आहे आणि त्यांपैकी सुमारे साडेसत्तावीस कोटी मुले भारतातली आहेत. त्याचे एक मोठे कारण म्हणून अहवालाने बोट ठेवले ते जुन्या बॅटऱ्या उघड्यावर फोडण्याच्या धंद्यावर. आमच्यासारखा शिक्षक वर्गात एखाद्या मुलाला 'लक्ष कुठे आहे तुझे?' म्हणून रागावतो, तेव्हा त्या मुलाच्या अंगणात काय वितळते आहे, हे त्याला ठाऊक नसते.

त्या दिवसानंतर आम्ही या विषयाची कागदपत्रे वाचू लागलो. इतिहासाच्या विद्यार्थ्याला दुसरे काय येते? वाचता वाचता ध्यानात आले की आमच्या शाळेच्या गेटपासून त्या अंगणापर्यंत जे घडले, तेच देशादेशांत गेली चाळीस वर्षे घडत आहे. फक्त तेथे हातगाडीच्या जागी जहाज असते.

१९८० च्या दशकात युरोप-अमेरिकेत घातक कचऱ्याविषयीचे कायदे कडक झाले, विल्हेवाटीचा खर्च वाढला आणि कचरा गरीब देशांच्या वाटेला लागला. १९८६ साली फिलाडेल्फिया शहरातील कचरा-भट्टीची सुमारे १४,००० टन राख घेऊन 'खियान सी' नावाचे जहाज निघाले. कोणी ती घेईना. १९८८ च्या आरंभी त्यातली सुमारे ४,००० टन राख हैतीच्या किनाऱ्यावर 'खत' म्हणून उतरविण्यात आली. उरलेली समुद्रात फेकली गेली आणि वाटेत जहाजाचे नाव दोनदा बदलले. त्याच वर्षी नायजेरियातील कोको या बंदरगावी इटलीहून आलेली विषारी रसायनांची हजारो पिंपे सापडली. महिना सुमारे शंभर डॉलर भाड्यावर एका गरीब माणसाने आपले परसदार त्यांच्यासाठी दिले होते. पिंपांत काय आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नव्हते. नायजेरियाने आकाशपाताळ एक केले आणि इटलीला तो कचरा परत न्यावा लागला.

या प्रकरणांच्या धगीतून २२ मार्च १९८९ रोजी स्वित्झर्लंडमधील बेसल येथे घातक कचऱ्याच्या सीमापार वाहतुकीविषयीचा आंतरराष्ट्रीय करार झाला. (१९२० साली आपल्या जिल्ह्यातील माणगावला भरलेल्या परिषदेचा दुसरा दिवसही २२ मार्चचाच. हा निव्वळ योगायोग आहे, परंतु वर्गात सांगितला की मुलांना दोन्ही तारखा पाठ होतात.) ५ मे १९९२ पासून करार अमलात आला आणि त्याच वर्षी जूनमध्ये भारताने त्याला मान्यता दिली. घातक कचरा मुळात कमीत कमी निर्माण करावा. जो होईल त्याची विल्हेवाट होता होईल तो जेथे निर्माण झाला तेथेच लावावी. दुसऱ्या देशात पाठवावयाचा असेल तर त्या देशाला आधी कळवून त्याची लेखी संमती घ्यावी. आणि बेकायदा गेलेला माल परत घ्यावा, असा त्याचा गाभा आहे. करार चांगला आहे, हे आम्ही मनापासून म्हणतो. दुबळ्या देशांनी एकत्र येऊन बलवानांकडून काही वदवून घेतल्याची जी थोडी उदाहरणे आहेत, त्यांत त्याची गणना करावी लागेल. अमेरिकेने त्यावर सही केली, पण आजतागायत मान्यता दिलेली नाही, हेही येथेच नोंदवून ठेवतो.

पण कराराने 'टाकण्यासाठी' येणाऱ्या कचऱ्याची वाट अडविताच तोच कचरा 'पुनर्वापरासाठी' येऊ लागला. याचे उदाहरण शोधायला आफ्रिकेत जावयास नको, आपले न्हावाशेवा बंदर पुरे आहे. तेथे वंगणतेल या नावाखाली १३३ कंटेनर उतरले. तपासणीत ते वापरून झालेले घातक टाकाऊ तेल निघाले. दिल्लीतील एका संशोधन प्रतिष्ठानाने १९९५ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या याचिकेत हा प्रश्न आला. न्यायालयाने १९९७ साली प्रा. एम. जी. के. मेनन यांच्या अध्यक्षतेखाली उच्चाधिकार समिती नेमली, २००३ च्या ऑक्टोबरात सविस्तर आदेश दिले आणि जानेवारी २००५ मध्ये ते तेल आयातदारांच्या खर्चाने, देखरेखीखाली जाळून नष्ट करावे असा निर्णय दिला. कागदावर वंगणतेल आणि कंटेनरमध्ये विष! आमच्या फाईलमधल्या पावतीवरही 'जुने संगणक साहित्य' एवढेच लिहिलेले आहे.

दुसरे उदाहरण खोपोलीचे, आणि ते आम्हां कोल्हापूरकरांना अधिक जवळचे वाटावे. २००८ च्या ऑक्टोबर महिन्यात फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-६० हे किरणोत्सर्गी द्रव्य सापडले. बटणे जोडणाऱ्या कारखान्यातील सुमारे २० कामगारांना, सामान्य नागरिकासाठी ठरलेल्या मर्यादेपेक्षा अधिक किरणोत्सर्ग झाला होता. शोध घेता घेता धागा आपल्या रायगड जिल्ह्यातील खोपोलीच्या एका फौंड्रीपर्यंत पोहोचला. तेथे वितळविलेल्या भंगारात कुठले तरी कोबाल्टचे उगमद्रव्य मिसळून गेले होते. आमची शिरोली, गोकुळ शिरगाव, शिवाजी उद्यमनगर ही सगळी नगरी भंगार वितळवूनच ओतकाम करते आणि त्या ओतकामावर जिल्ह्यातली हजारो कुटुंबे जेवतात. आमचे कितीतरी माजी विद्यार्थी भट्टीवर आहेत. भट्टीत पडणारा प्रत्येक तुकडा कुठून आला, हे भट्टीवरच्या माणसाला कसे कळावे? फ्रान्सच्या कामगारांची तपासणी झाली म्हणून प्रकरण उजेडात आले. माल तेथे मोजला गेला. येथे तो नुसता तोलला गेला होता.

आता आम्ही ज्या दोन कागदांपाशी सर्वांत जास्त थांबलो, त्यांकडे येतो.

पहिला कागद जागतिक बँकेतला. डिसेंबर १९९१ मध्ये बँकेचे तत्कालीन मुख्य अर्थतज्ज्ञ लॉरेन्स समर्स यांच्या सहीचे एक अंतर्गत टिपण फुटले आणि पुढच्या फेब्रुवारीत 'द इकॉनॉमिस्ट'ने ते छापले. त्याचा आशय असा की, प्रदूषणामुळे होणारे आजारपण आणि मृत्यू यांचे मोल बुडालेल्या मजुरीवरून ठरते. म्हणून जेथे मजुरी सर्वांत कमी, तेथे विषारी कचरा नेऊन टाकणे आर्थिक दृष्ट्या सर्वांत शहाणपणाचे आहे. बोभाटा झाल्यावर ते उपरोधाने लिहिले होते, असा खुलासा करण्यात आला. उपरोध असो वा नसो, बाजार त्या टिपणाबरहुकूमच चालत आलेला आहे.

दुसरा कागद त्याच्या पस्तीस वर्षे आधीचा. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी, धम्मदीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, नागपूरला बाबासाहेबांनी जे भाषण केले, त्यात त्यांनी 'केसरी'त येणाऱ्या एका युक्तिवादाची हकीकत सांगितली आहे. महारांनी मेलेली ढोरे ओढणे सोडले, तर कातडे, शिंगे, खूर, मांस यांचे वर्षाकाठचे ५०० रुपयांचे उत्पन्न ते गमावतील. अंगावर धड वस्त्र नसलेल्या लोकांचे बाबासाहेब असे नुकसान का करीत आहेत, असा तो कळवळा होता. बाबासाहेबांनी त्यावर काय म्हटले, हे या स्मरणिकेचे बहुतेक वाचक जाणतात. एवढा फायदा असेल तर तो तुम्हीच का घेत नाही. तुम्ही ढोरे ओढा, वर आणखी ५०० रुपयांचे बक्षीस मी देतो, असे ते उत्तर होते.

हे दोन कागद शेजारी शेजारी ठेवून वाचावेत. घाण हे गरिबाचे उत्पन्न आहे, म्हणून ती त्याच्याकडे जाऊ देणे म्हणजे त्याच्यावर उपकार, हा विचार दोन्हीकडे सारखाच आहे. गावगाड्याने तो जन्माच्या आधारावर मांडला होता, जागतिक बाजाराने तो मजुरीच्या दराच्या आधारावर मांडला. आमच्या समितीने तो कशाच्या आधारावर मांडला? बॅटरीमागे मिळणाऱ्या काही शे रुपयांच्या. भंगार फोडणाऱ्यांच्या वस्त्या कोणत्या समाजांच्या असतात, हे येथे लिहिण्याची गरज नाही. बाबासाहेबांची जयंती थाटात करणाऱ्या शाळेने आपले मेलेले ढोर कोणाच्या अंगणात नेऊन टाकले, एवढे लिहिले म्हणजे पुरे.

कोणी म्हणेल, मग भंगाराचा धंदाच नको काय? तसे आमचे म्हणणे मुळीच नाही. मोडीचा व्यापार आमच्या भागात पिढ्यान् पिढ्यांचा आहे. तांब्यापितळेची भांडी मोडीत घालून नवी घेणे, हुपरीच्या चांदीच्या कामात पडलेला कणही वाया जाऊ न देणे, सराफकट्ट्यावरची धूळ झाडून, धुऊन त्यातून सोने काढणारे झारेकरी, ही सगळी पुनर्वापराचीच परंपरा आहे आणि ती कष्टकऱ्यांनी जपली आहे. धम्माच्या परंपरेत तर याचा फार सुंदर दाखला आहे. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात, कोसंबीच्या राजा उदयनाच्या राण्यांनी आनंदाला ५०० चीवरे दान दिल्याची कथा येते. एवढ्या चीवरांचे काय करणार, असे राजाने विचारले. आनंद म्हणाले, ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना वाटीन. मग जुन्यांचे काय? त्यांची पांघरुणे. जुन्या पांघरुणांचे? गाद्यांच्या खोळी. खोळींचे? जमिनीवरची बैठक. तिचे? पायपुसणी. त्यांचे? धूळ झटकण्याची फडकी. आणि फडकी फाटली म्हणजे ती चिखलात मळून त्याने जमीन सारवू. राजाचे समाधान झाले आणि त्याने आणखी ५०० चीवरे दिली. वस्तू कशी वापरावी याचा एवढा नेटका धडा आम्ही दुसरीकडे वाचलेला नाही, आणि सहावीच्या वर्गाला तो सांगताना आम्हांस दरवर्षी आनंद होतो.

परंतु चीवर शेवटी मातीत मिसळते. शिसे मिसळत नाही, पारा मिसळत नाही, वायरीचे प्लास्टिक जाळले की निघणारी डायॉक्सिने तर हवेत आणि मग दुधात-मांसात उतरतात. आनंदांच्या मालिकेतला शेवटचा टप्पा या वस्तूंना नाही. म्हणून त्यांच्या बाबतीत आधी वापर कमी करणे, मग दुरुस्ती करून आयुष्य वाढविणे, आणि अगदी शेवटी, योग्य साधनांच्या ठिकाणी, योग्य मजुरीने त्या फोडणे हाच क्रम असला पाहिजे. आमच्या अकरा संगणकांपैकी तीन-चार तरी थोड्या खर्चात चालू झाले असते, असे आमचा एक माजी विद्यार्थी, जो आता तेच काम करतो, नंतर आम्हांस म्हणाला. विकण्यापूर्वी त्याला विचारण्याचे सुचले नव्हते.

जगाच्या पातळीवर काही पावले पुढे पडली आहेत, हे मान्य केले पाहिजे. श्रीमंत देशांतून इतर देशांत घातक कचरा पाठविण्यास, पुनर्वापराच्या नावाखालीही, बंदी घालणारी बेसल कराराची दुरुस्ती १९९५ साली मंजूर झाली. ती अमलात यायला ५ डिसेंबर २०१९ उजाडले. चोवीस वर्षे! १ जानेवारी २०२५ पासून सर्व प्रकारचा ई-कचरा, घातक ठरो वा न ठरो, पूर्वसंमतीशिवाय सीमापार नेता येत नाही. जहाजे तोडण्याच्या धंद्याविषयीचा हाँगकाँग करार २००९ चा, तो २६ जून २०२५ रोजी लागू झाला. मुंबईच्या दारूखान्यात ज्यांनी 'विक्रांत'सारखी युद्धनौका हातांनी कापली, त्यांच्या जातीचे काम करणाऱ्या सगळ्यांशी त्याचा संबंध आहे. कोडाईकनाल येथील थर्मामीटर कारखान्यातला सुमारे २९० टन पारायुक्त कचरा २००३ साली अमेरिकेला परत पाठविला गेला, हेही लोकांनी लढून घडविले. माल परत जाऊ शकतो, एवढे तरी त्यातून सिद्ध झाले.

तरीही आमची मुख्य तक्रार उरतेच. बेसल करारातली संमती सरकार सरकारला देते. कढई ढवळणाऱ्या बाईची संमती कोणी मागत नाही. देशाच्या सीमेवर कागद तपासले जातात, पण देशाच्या आत शहराच्या सीमेवरून तोच माल वस्तीत शिरतो तेव्हा तेथे कोणी उभे नसते. संयुक्त राष्ट्रांच्या यंत्रणेने प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीनुसार २०२२ साली जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातला केवळ २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्प्रक्रियेला गेल्याची नोंद आहे. उरलेला कुठे गेला, याचा एक लहानसा भाग आम्ही डोळ्यांनी पाहिला आहे.

आपल्याकडचे नियमही येथे तपासून पाहावेत. २०१६ च्या ई-कचरा नियमांत शैक्षणिक संस्थांना मोठे ग्राहक मानलेले होते : कचरा अधिकृत केंद्राकडेच द्यावा, नोंद ठेवावी, वार्षिक विवरण द्यावे, असे बंधन होते. म्हणजे आम्ही जे केले ते नियमभंगच होते. आम्हांला तो नियम माहीत नव्हता आणि आम्हांला कोणी विचारलेही नाही. आता १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नव्या नियमांत, वर्षभरात किमान हजार उपकरणे वापरणारी संस्थाच मोठा ग्राहक ठरते. आमच्यासारखी शाळा त्या व्याख्येतून सुटली. आमच्या मते हे पाऊल मागे पडले आहे. एका शाळेचे अकरा संगणक किरकोळ असतील, पण राज्यातल्या शाळा किती आहेत, याचा हिशेब कोणीही करावा. आणि मुलांना परिसर अभ्यास शिकविणारी संस्थाच जर नोंद ठेवीत नसेल, तर ती कोणी ठेवावी?

नव्या व्यवस्थेत वस्तू बनविणाऱ्या कंपन्यांवर तिच्या अखेरीची जबाबदारी टाकली आहे, ही गोष्ट योग्य दिशेची आहे. पण त्या जबाबदारीचा पैसा अधिकृत कारखान्याच्या दारापर्यंत पोहोचून थांबतो. अंगणातल्या माणसाला त्याच्यात वाटा नाही. त्याच्या वाट्याला फार तर धाड येते. त्याचे काम नुसते बंद पाडणे म्हणजे त्याच्या मुलाची शाळा बंद पाडणे. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि कचरा वेचणाऱ्या बायांनी ओळखपत्र, हक्काचे काम आणि मान मिळविला. बॅटरी आणि ई-कचरा फोडणाऱ्यांची अशी संघटना, त्यांच्या कौशल्याला सुरक्षित शेडमध्ये पगारी काम, आणि त्यासाठी आंतरराष्ट्रीय निधीतला व कंपन्यांच्या जबाबदारीतला पैसा, ही मागणी आंबेडकरी चळवळीने आपल्या कार्यक्रमपत्रिकेवर घेतली पाहिजे. आमच्या परिषदांत ठराव पुष्कळ होतात. या विषयावरचा एकही ठराव आम्ही अद्याप ऐकलेला नाही, आणि आम्ही स्वतःही तो कधी मांडलेला नाही.

त्या मुलाविषयी वाचक विचारतील. तो दहावी झाला, पुढे आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा अभ्यासक्रम केला, आता नोकरीला आहे. त्याच्या बहिणीला आम्ही पुढे याच शाळेच्या वसतिगृहात घेतले. तिच्या रक्ताची तपासणी करावी म्हणून आम्ही खटपट केली, पण तेवढ्यात कुटुंबाने ती जागा सोडली होती आणि बापाने आम्हांस सांगितले, "आता ते काम सोडलंय सर, जाऊ द्या." आम्ही जाऊ दिले. ते बरोबर केले की चूक, याचे उत्तर आमच्यापाशी नाही. मुलगी अभ्यासात मागे पडते. कारणे अनेक असू शकतात.

गेल्या महिन्यात सौर पंपाच्या आणि इन्व्हर्टरच्या मिळून सहा बॅटऱ्या पुन्हा बाद झाल्या. या खेपेस समितीवर आम्ही नाही, पण समितीत आम्हांस बोलावले होते. अधिकृत पुनर्प्रक्रिया केंद्राचे पत्र मागवून घ्यावे, बॅटऱ्या दुकानदारामार्फत कंपनीलाच परत द्याव्यात आणि त्यांची पावती अनुक्रमांकासह स्वतंत्र नोंदवहीत चढवावी, असे आम्ही सुचविले. एका तरुण सहकाऱ्यांनी विचारले, "सर, मग भावातला फरक कुठून भरून काढायचा?" प्रश्न रास्त आहे, शाळा श्रीमंत नाही. बैठक तहकूब झाली. बॅटऱ्या तूर्त भांडारखोलीत आहेत, किल्ली मुख्याध्यापकांकडे आहे, आणि भंगारवाला आठवड्यातून दोनदा गेटवर येऊन विचारून जातो.